डाळीच्या ताटावर लावलेला संसार

या, जवळ सरकून बसा. सुदानातल्या ओम्दुर्मान शहरच्या तिजानी शिंप्याची गोष्ट सांगतो. तिच्यात शहाणपण थोडं आणि फजिती भरपूर, हे तो स्वतःच सांगत फिरतो.

लढाईने बाजार बंद पाडला तेव्हा तिजानीने अंगणात अन्नछत्र उघडलं. मदतीची मसूर यायची, बायको बखीता हंडा ढवळायची. आणि तिजानी? त्याने गळ्यात शिट्टी अडकवली, रांग लावली, भोंग्यावरून नावं पुकारू लागला. आपण नसतो तर गल्ली उपाशी मेली असती, अशी छाती फुगलेली!

पण समोरचे बाबिकर मास्तर काही येईनात. तिजानीला अक्षरं त्यांनीच शिकवलेली. तीन दिवस त्यांची चूल पेटली नव्हती. घरी पाठवलेली वाटी झाकलेली तशीच परत आली. चौथ्या दिवशी मास्तर भिंत धरून मशिदीकडे जाताना दिसले आणि तिजानी धावत बखीताकडे गेला.

"भोंग्यावर नाव पुकारल्यावर कुणी मानी माणूस जेवायला येतो का?" बखीता कडाडली. "तुझा बाप रमजानात रस्त्यावर चटया टाकून वाटसरूंच्या बाह्या ओढायचा. आणि तू शिट्टी फुंकतोस. हवालदार कुठला!"

तिजानीने शिट्टी खिशात घातली. सूर्यास्ताला मास्तरांच्या दारापुढे गल्ली अडवून चटई अंथरली, मधोमध मोठं ताट ठेवलं. नमाजाहून परतणाऱ्या मास्तरांची बाही धरली.

"सोड रे, जेवलोय मी."

"मास्तर, बसला नाहीत तर बखीताला तलाक!"

अशी शपथ घातली की पाहुण्याची सुटका नाही. संसार मोडल्याचं पाप त्याच्या माथी.

"अरे मेल्या!" हंड्यामागून बखीता ओरडली. "बावीस वर्षांचा संसार डाळीवर लावलास? मास्तर, बसा हो, नाहीतर उद्यापासून याला चहा कोण देईल?"

मास्तरांना हसू फुटलं. "तुझ्यासाठी बसतो, पोरी. हा वर्गातही असाच ढ होता."

पहिला घास त्यांनी न चावताच गिळला. ताटाभोवती येऊन बसलेल्या शेजाऱ्यांनी नजरा वळवल्या. पाचव्या घासाला मात्र मास्तर म्हणाले, "मीठ कमी आहे." तिजानीला आनंदाने रडूच आलं.

आता तो रोज सूर्यास्ताला शपथ घालतो, आणि गल्लीभर मोठेपणा मिरवतो. म्हणून म्हणतो बाबांनो, उद्या ताटावर बसाल तेव्हा त्या बखीताची आठवण ठेवा. बिचारी रोज तलाकाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन हंडा ढवळायला परत येते.