खोटी मध्यखूण

मी दोर बोलतोय. म्हणजे दोराचा हातभर तुकडा. पूर्वी मी पंचेचाळीस मीटर होतो. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तेव्हा गप्प बसलो. आता लांबी गेली आणि वाचा फुटली. माणसांचंही निवृत्तीनंतर असंच होतं म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातला. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वर लाल-पांढऱ्या विणीचं कव्हर. वजन पेलायचं काम दोघांचं, मिरवायचं काम एकट्या कव्हरचं. माझ्या गळ्यात एक चिठ्ठी होती, ‘वापरण्यापूर्वी तपासा’. ती कोणी वाचली नाही. अक्षर बारीक होतं आणि सूचना फुकट होती.

मला आणलं एका उस्तादांनी. पस्तीस वर्षं झाडांवर चढून फांद्या छाटणारा हा माणूस. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे. मुलगा गाडी चालवायचा, छाटलेल्या फांद्या गोळा करायचा. पण स्टुलावर चढला तरी त्याला घेरी यायची. दिवा बदलायचा झाला की तो बायकोला हाक मारायचा.

एके दिवशी दिवा बदलता बदलता सुनेने वरूनच जाहीर केलं, “बाबा, झाडावर चढायला मी शिकते.”

बाबा दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी तिच्या मापाचा हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना आवळायचा पट्टा, घेऊन आले.

शिकवणी घरामागच्या ठेंगण्या झाडावर सुरू झाली. शिकवताना बाबा वेगळेच माणूस होत. “सूनबाई, आधी सगळा दोर हातातून जाऊ दे. डोळे मिटून. डोळ्यांना नुसतं कव्हर दिसतं, आतलं बोटांना कळतं.” मग गाठ. ओढ बसली की आवळणारी, ढील दिली की सरकणारी. मग हातभर वर लटकून दोन झोके, “पडायचं असेल तर इथेच पडून घेऊ.”

“बाबा, पडणारच नाही असं काहीतरी शिकवा की.”

“ते मला येत नाही. पडलीस तरी लागणार नाही, एवढंच येतं.”

आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की करवत हातात घेतली की अंग दोन ठिकाणी बांधलेलं पाहिजे. एक मोठा दोर, दुसरी कमरेची आखूड दोरी. “ताणलेल्या दोराला करवत नुसती टेकली तरी पुरे. लोण्यासारखा कापला जातो.” हे वाक्य बाबा रोज म्हणत. मी रोज ऐकत असे, आणि आपल्याबद्दल चाललंय म्हणून मला बरंही वाटत असे.

मग ती सकाळ आली. रस्त्याकडेचं उंच झाड, खाली पाच-सहा बघे. बघे असले की बाबांचे गुडघे कुरकुरायचे थांबत. ते फांदीवर लांब सरकले. आखूड दोरी कमरेला तशीच लोंबत होती. एका हाताने फांदी, दुसऱ्या हाताने करवत. फांदी सुटली आणि करवत मागे घेताना तिचे दात मला लागले. ‘सर्र’ असा आवाज झाला. तो फक्त आम्हा दोघांना ऐकू आला.

“मेलो,” बाबा पुटपुटले.

मेले नाहीत. कव्हर फाटलं होतं, गाभ्याचे बरेच धागे तुटले होते, बाकीच्यांनी धरून ठेवलं. बाबा इंच इंच करत खाली आले. बघ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, “वा उस्ताद!” बाबांनी मान लववली.

मला त्या दिवशीच फेकून द्यायला हवं होतं. पण दोर टाकला तर ‘का टाकला’ हे सांगावं लागतं, आणि ते सुनेला सांगावं लागलं असतं. त्यांनी शेडमध्ये दार लावून माझ्या जखमेवर काळी टेप गुंडाळली. तेवढ्यात ती चहा घेऊन आली.

“हे काय, बाबा?”

“मध्यखूण,” बाबा म्हणाले. “दोर दुमडताना मध्य चटकन सापडावा म्हणून.”

“बरं केलंत. मीच सांगणार होते.”

आता माझी लाज सांगतो. त्या क्षणी मला दुःख झालं नाही. बढती मिळाल्यासारखं वाटलं. जखमेला हुद्दा मिळाला होता.

त्या दिवसापासून बाबा माझं दुसरं टोक सुनेच्या हार्नेसला बांधू लागले. त्यामुळे ठेंगण्या झाडावर टेपेची जागा कायम जमिनीवर पडून राहायची, तिच्यावर वजन येतच नसे. सूनबाई रोज सकाळी डोळे मिटून मला हातातून काढायची. बोटांना टेप लागली की म्हणायची, “अर्धं झालं.” आणि पुढे जायची. तिने तिथे थांबून दाबून पाहिलं असतं तर तिला कळलं असतं. पण सासऱ्यांनी सांगितलेल्या मध्याला कोण दाबून बघतं? मी मात्र त्या जागी अंग आवळून घ्यायचो, अगदी घट्ट. तिचा हात पुढे गेला की सैल सोडायचो. माझ्यावर जी जीव टांगत होती तिच्याशी मी असा वागलो.

परीक्षेचा दिवस आला. पास झाल्याशिवाय तिला कामाच्या झाडावर चढता येणार नव्हतं. बागखात्याचे तपासनीस फायलीतून मान वर न काढता म्हणाले, “यंदा ठेंगणं झाड नाही. ते पलीकडचं.”

पलीकडचं झाड दुप्पट उंच होतं. तिथे टेपेची जागा वर जाणार होती, आणि तिच्यावर सुनेचं सगळं वजन येणार होतं. बाबांचा चेहरा उतरला.

“दोर पुरेल ना? मध्य धरून दुमडून दाखवा,” तपासनीस म्हणाले.

तिने टेप धरून माझी दोन्ही टोकं सोडली. ती जुळायला हवी होती. एक टोक भलतंच पुढे गेलं. तिने पुन्हा धरलं, पुन्हा तेच.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मध्य मध्यावर नाहीये.”

“असेल जरा इकडेतिकडे.”

“आठ मीटर?”

मग तिने टेपेवर अंगठा ठेवला आणि दाबला. या वेळी आवळून घ्यायला माझ्यात काही उरलंच नव्हतं. अंगठा आत गेला. तिने बाबांकडे पाहिलं. ते बोलतील म्हणून वाट पाहिली. बाबा वाकून बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधलेलीच होती.

“काय झालं?” तपासनीस.

“साहेब, मी आज चढत नाही.”

“का?”

“नाही चढत.”

त्यांनी शेरा लिहिला, ‘उमेदवार घाबरली. सहा महिन्यांनी पुन्हा यावे.’ शेरा लिहायला त्यांना चार सेकंद लागले. बाबा अजून नाडीशीच होते.

घरी जाताना गाडीत नवरा म्हणाला, “अगं, मला वाटायचं घाबरण्याचं खातं आपल्या घरात माझ्या एकट्याकडेच आहे.” आणि हसला. मग कोणीच हसत नाही हे बघून हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा होता.

त्या संध्याकाळी तिने टेपेच्या दोन्ही बाजूंनी मला कापलं आणि तो तुकडा हेल्मेटच्या पिशवीत ठेवला. बाकीचा मी गाडीत फांद्या बांधायच्या कामी गेलो. बाबांना ती एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर त्यांना जेवण गेलं असतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी न सांगता नवा दोर आणला. शिकवणी पुन्हा सुरू झाली, पण ‘लोण्यासारखा’ हे वाक्य त्यातून गळालं. येणारे-जाणारे विचारत, “काय हो, सून घाबरली म्हणे?” बाबा ‘हं’ म्हणत. प्रत्येक ‘हं’ पिशवीत मला ऐकू येत असे.

सहा महिन्यांनी तेच झाड, तेच तपासनीस, तीच फाइल. “या वेळी घाबरणार नाही ना, ताई?”

ती काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले. “सूनबाई, ती दोरी दे.”

“कसली?”

“टेपेची. तुझ्या पिशवीत आहे ती.”

तिने मला काढून दिलं. बाबांनी टेप सोलली.

“साहेब, ती घाबरली नव्हती. दोर कापलेला होता. करवत माझी. टेपही माझीच. त्या दिवशी मी इथेच उभा होतो आणि बोललो नाही.”

तपासनिसांनी मला बराच वेळ उलटसुलट पाहिलं. मग जुना शेरा खोडला. “उस्ताद, तुमची परीक्षा कधी झाली होती?”

“आमच्या वेळी परीक्षा नव्हती, साहेब.”

“मग आता द्या. यांच्या मागे उभे राहा.”

बाबा हेल्मेट काखेत धरून सुनेच्या मागे उभे राहिले. ती चढली, करवत चालवली, उतरली, पास झाली. मग बाबा हार्नेस आवळू लागले. मुलगा म्हणाला, “बाबा, घाबरू नका, मी खाली आहे.”

“म्हणूनच घाबरतोय.”

ते वळणार तोच सून म्हणाली, “बाबा, आखूड दोरी.”

ती नुसती लोंबत होती. बाबांनी कान पकडल्यासारखी मान हलवली आणि तिचं लोंबतं टोक हार्नेसला अडकवलं.

आता मी शेडच्या दाराशी खिळ्यावर असतो, टेपेशिवाय, जखम उघडी टाकून. नवा दोर तपासण्याआधी दोघंही माझ्यावर अंगठा ठेवतात. बाबा जरा जास्त वेळ ठेवतात. नव्या दोरावरही मध्यखूण आहे, आणि सूनबाई टोकं जुळवून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाही. बाबा याचा राग मानत नाहीत.

असं उघड्यावर टांगून राहायची मला लाज वाटते. पण टेपेखाली वाटायला हवी होती ती लाज ही, उशिरा आलेली. तेव्हा तुम्हीही कधी या शेडमध्ये आलात तर तोंड वळवू नका. डोळे मिटा, इथे अंगठा ठेवा, जरा दाबा. मऊ लागलं ना?

तो मी.