खिशातलं जेवण

धुकं उतरलं की वेअरडेलच्या खोऱ्यात सकाळ कुठली आणि दुपार कुठली ते कळेनासं होतं. बेरिल रेस्ट्रिक दूध-पावाची वाटी घेऊन परसातल्या शेडकडे निघाली तेव्हा घरातल्या घड्याळात अडीच वाजले होते, पण बाहेर काहीच वाजलेलं नव्हतं. समोरची टेकडी नाहीशी झाली होती, चर्चचा मनोरा नाहीसा झाला होता. मेंढ्याही गेल्या होत्या, त्यांचं खोकणं तेवढं मागे राहिलं होतं.

शेडमध्ये लाकडी पेटीत, वाळल्या गवतावर टॅन्झी पडून होती. टॅन्झी म्हणजे क्लिफची फेरेट. मुंगसाची नातेवाईक वाटावी अशी लांबोडकी, सायीच्या रंगाची, डोळ्यांवरून काळपट पट्टा गेलेली, सात वर्षांची म्हातारी. तिने मान उचलली, वाटीतलं दूध चार-सहा वेळा चाटलं, पावाला तोंडही लावलं नाही आणि पुन्हा गवतात शिरायला लागली. बेरिलने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मणक्याचं एकेक हाड बोटांना लागत होतं.

"खा ना गं बाई," बेरिल म्हणाली. "आता काय नाचून दाखवू तुला?"

क्लिफला जाऊन महिना झाला होता. हॉस्पिटलच्या पलंगावर शेवटी बायकोशी दोन गोड शब्द बोलायचे सोडून हा गडी म्हणाला होता, "टॅन्झीला उपाशी ठेवू नकोस." चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि मागितलं ते हे. तेव्हा तिला रागच आला होता. आता राग कुठल्या कुठे गेला होता आणि नुसती भीती उरली होती, कारण टॅन्झी उपाशी होती. तीही गेली, तर त्याचं शेवटचं बोलणं आपण वाया घालवलं हे बेरिलला जन्मभर पुरलं असतं.

पहिले तीन आठवडे समोरचा नेड ऑल्डरसन येऊन टॅन्झीला भरवून जायचा. नेड आणि क्लिफ शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी मिळून, बिळांत फेरेट सोडून, खोऱ्यातल्या सशांना सळो की पळो करून सोडलेलं. इथल्या रीतीप्रमाणे तीन आठवड्यांनी दफन झालं, आणि दुसऱ्याच दिवशी नेडच्या छातीत कफ धरला. त्याच्या मुलीने त्याला दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी केली, आणि काम बेरिलच्या गळ्यात आलं. चाळीस वर्षं जी बाई वासापायी त्या शेडच्या उंबऱ्याशीसुद्धा गेली नव्हती, तिच्या.

तिने आधी सगळं रीतसर केलं. फ्रीजरमध्ये क्लिफने मांसाच्या पुड्या करून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर त्याच्या गिचमिड अक्षरात वार. तिने सोमवारची पुडी काढली, बर्फ जाऊ दिला आणि तोंड दुसरीकडे करून चिमट्याने वाटीत टाकली. टॅन्झीने हुंगलं, भिंतीकडे पाहिलं आणि निघून गेली. मंगळवारीही तेच. बुधवारी बेरिलला तिचे वडील आठवले. खाणीत कामाला जाणाऱ्या सगळ्यांच्या घरी तेव्हा फेरेट असायच्या आणि त्या पोसायच्या दूध-पावावर. कच्चं मांस दिलं की फेरेट माजते, धन्याच्याच हाताला चावते, असं त्या लोकांचं ठाम मत होतं. खरं तर मांस त्यांच्या स्वतःच्याच ताटात पुरत नसे, पण तसं कोण कबूल करणार? टॅन्झीने दूध चाटलं आणि बेरिलला हायसं वाटलं. तिचं स्वतःचंही महिनाभर चहा-पावावरच चाललं होतं. म्हणजे घरात आणि शेडमध्ये एकच जेवण. या गोष्टीला आज सहा दिवस झाले होते.

शेडचं दार लावून ती वळली तर समोरच्या खिडकीची काच वर गेली होती. लोकरीची टोपी घातलेलं नेडचं डोकं धुक्यात तरंगत होतं.

"खाते का गं ती?"

"खाते की. दूध-पाव."

नेडला खोकल्याची अशी उबळ आली की बेरिलला वाटलं, हाही चालला.

"दूध-पाव!" तो एकदाचा बोलला. "अगं, तुझ्या बापाला पुरलं तेव्हा त्याचा दूध-पावही पुरायचा होतास!"

"माझ्या बापाला मध्ये आणू नकोस. चांगल्या होत्या त्याच्या फेरेट."

"दोन वर्षांत मरायच्या! मागचे पाय लुळे पडायचे आणि तुझा बाप म्हणायचा, हवा मानवली नाही. दूध पचत नाही गं त्यांना, वाहून जातं सगळं. क्लिफ काय हौस म्हणून वार लिहायचा? सोमवारी ससा, केसांसकट. मंगळवारी कोंबडीचे पंख, आतल्या हाडांसकट आणि कच्चेच. शिजवलेलं हाड टोचतं. मग हृदय, मग गुर्दा. रविवारी कलेजी, अंगठ्याच्या नखाएवढी. जास्त दिलीस तर तीच बाधेल. आठवडाभर मिळून एक जेवण होतं ते. त्यातला एक वार काढलास की सगळं लंगडं."

"दिलं होतं मी. ढुंकून बघत नाही."

"जाकीट घातलं होतंस ना?"

"कुठलं जाकीट?"

"क्लिफचं! मागच्या दाराबाहेरच्या खुंटीवरचं. सहा आठवड्यांचं पिल्लू होती तेव्हापासून त्याच्या खिशात बसून खाते ती. वाटी म्हणजे काय तिला ठाऊकच नाही. मी काय माझ्या रूपावर भरवत होतो तिला? तीन आठवडे त्याचंच जाकीट अडकवून जायचो." नेड थांबला. "कुठंय ते?"

"धुतलं," बेरिल म्हणाली आणि घरात गेली.

धुतलं नव्हतं. दफन आटोपून आल्यावर तिने खुंटीवरून ते मेणकापडाचं जाकीट काढलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं होतं, पिशवीला दोन गाठी मारल्या होत्या आणि पिशवी कपाटात सगळ्यात खाली ठेवली होती. रोज चहाच्या आधी ती गाठी सोडायची, नाक आत घालायची, एकच श्वास घ्यायची आणि पुन्हा गाठी मारायची. दुसरा श्वास घ्यायचा नाही, असा तिचा नियम होता. तंबाखू, ओलं गवत, फेरेटचा उग्र दर्प, आणि या सगळ्याच्या खाली क्लिफ. याच वासासाठी तिने चाळीस वर्षं त्याला मागच्या दाराशी अडवून धरलं होतं. "आधी ते जाकीट बाहेर टांग, मग आत ये." रोज तेच वाक्य, आणि रोज तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करायचा.

वास कमी होत चालला होता, हे तिला कळत होतं. हल्ली नाक जास्त आत घालावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी तिने दूध-पाव बंद केला. क्लिफचा स्वेटर घालून मांस नेऊन पाहिलं. स्वेटर लव्हेंडरच्या साबणाने धुतलेला. टॅन्झी शिंकली. त्याची टोपी नेली, गळपट्टा नेला. टॅन्झी प्रत्येक वेळी उठून यायची, तिच्या खांद्यावरून मागे बघायची, जसं काही आणखी कोणी यायचं बाकी आहे, आणि मग आत जायची. बेरिलने एकदा मागे वळून पाहिलं. मागे रिकामी खुंटी होती.

दुपारी ती पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. धुकं काचेला टेकलं होतं. तिचा डोळा लागला की नाही कोण जाणे, पण खिडकी तीच होती, खुर्ची तीच होती आणि बाहेरच्या पांढऱ्यातून क्लिफ येत होता. पावलं वाजत नव्हती. जाकिटाचा एक खिसा फुगलेला होता, आत काहीतरी कूस बदलत होतं. तो मागच्या दाराशी आला आणि सवयीने थांबला. बेरिलला म्हणायचं होतं, ये आत, तसाच ये. जीभ उचलेना. तो उंबऱ्याशी उभा राहून खिशावर हात ठेवून वाट बघत राहिला, जराही न रागावता, आणि मग त्याच्यामागचं पांढरं हळूहळू त्याच्या पुढे आलं.

ती दचकून उठली आणि पिशवी हातात तशीच धरून शेडकडे धावली.

टॅन्झी कुशीवर पडली होती. बेरिलने तिला उचललं तर मान एकीकडे लोंबली, पाय एकीकडे लोंबले. अंग गार. फेरेट मेल्यासारखी झोपते हे या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि बेरिल तर फेरेटवाल्याची मुलगी आणि फेरेटवाल्याची बायको. तरी तिने टॅन्झीला हलवलं, कानाशी फुंकर घातली, हाक मारली.

"टॅन्झी! ए टॅन्झी! अगं, मला तोंड दाखवायचंय त्याला!"

काही नाही. बेरिल खाली गवतावरच बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. क्लिफसाठी रडली की फेरेटसाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मांडीवर काहीतरी ताणलं गेलं. टॅन्झीने सावकाश एक लांबलचक जांभई दिली, एक डोळा उघडला आणि झोपेतच तिचं नाक वळलं. बेरिलकडे नाही. पिशवीकडे.

दोन गाठी होत्या. वरची गाठ रोज आवळून दगडासारखी घट्ट झाली होती. बेरिलने पिशवी तोंडाशी नेली. एकदा वाटलं, एक श्वास घ्यावा आणि परत बांधावी. मग तिने दातांनी पिशवी फाडली.

जाकीट तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं, बाह्या हातांच्या पुढे लोंबल्या. तिने सकाळचा न खाल्लेला सशाचा तुकडा, केसांसकट, हातानेच उचलून खिशात टाकला. चिमटा तिला आठवलाही नाही. टॅन्झी तिच्या अंगावरून धडपडत चढली, खिशात डोकं घातलं, मग खांदे, मग सगळी आत. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग खिशातून बारीक, कोरडा आवाज आला. कुर्र, कुर्र. हाड मोडत होतं. अस्तराला काहीतरी ओलं आणि कोमट लागलं, आणि ते तिच्या मांडीपर्यंत पोचलं. बेरिल हलली नाही. बाहेर धुक्यात मेंढ्या खोकत होत्या आणि तिला फार म्हणजे फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी जाकिटाला क्लिफचा वास राहिला नाही. तिने अपेक्षाच केली होती, तरी खुंटीशी उभं राहून कॉलर हुंगताना तिचे डोळे भरून आले. ससा, कोंबडी, फेरेट, तिचा स्वतःचा घाम. संपलं, ती स्वतःशी म्हणाली, आणि जाकीट अडकवून गुरुवारची पुडी सोडली. तिने शब्द पाळला होता. त्याची किंमत ही होती, आणि ती देऊन झाली होती.

टॅन्झीच्या बरगड्या बुजल्या. मार्चमध्ये एका सकाळी ती पाठ वाकडी करून, बाजूबाजूने उड्या मारत गवतभर नाचली. नेड बरा होऊन कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "धुतलेलं जाकीट बरंच मळलंय गं." फ्रीजरमधल्या क्लिफच्या पुड्या संपल्या तेव्हा तिने नव्या केल्या आणि त्यांवर स्वतःच्या सुबक अक्षरात वार लिहिले. रविवारी टॅन्झीची नखाएवढी कलेजी कापताना उरलेली तिने कांद्यात परतली आणि स्वतः खाल्ली.

एप्रिलमधल्या एका दुपारी पुन्हा धुकं उतरलं. टॅन्झीचं जेवण तिच्या खिशात नीट पार पडलं आणि बेरिल अर्धवट तंद्रीत परस ओलांडून स्वयंपाकघरात आली. चुलीवर किटली होती. तिने दाराकडे पाठ करून कप काढले, दोन काढले, आणि तेवढ्यात तिच्या नाकात तो वास शिरला. ओलं गवत, रक्त, फेरेट, दिवसभर बाहेर राहिलेलं माणूस. मागच्या दारातून आत आलेला, अगदी तिच्या पाठीशी.

"क्लिफ," ती मागे न बघता म्हणाली, "आधी ते जाकीट बाहेर टांग."

खोलीत कोणी हललं नाही. बेरिलने खाली पाहिलं. जाकीट तिच्याच अंगात होतं.

मग तिने खुर्ची ओढली, जाकीट न काढता बसली आणि दोन्ही कपांत चहा ओतला.