चारशे घावांचा देव

मित्रांनो, मी एक जुना देव आहे. युद्धाचा देव. झुर्गाक माझं नाव. रक्तनदीचा स्वामी, सहस्र कवट्यांचा मुकुट धारण करणारा, सुळेवाल्या ऑर्क राक्षसांच्या साऱ्या टोळ्यांचा बाप. मी गर्जना केली की डोंगरांचे कडे कोसळतात. माझी कुऱ्हाड एका मेलेल्या ताऱ्यातून घडवलेली आहे, आणि जे राज्य माझ्यापुढे गुडघे टेकत नाही, तिथे पुढची सात वर्षं गवतसुद्धा उगवत नाही.

हे सगळं एका रेघांच्या कार्डावर लिहिलेलं आहे. कार्ड पाच इंच लांब आणि तीन इंच रुंद. 'उगवत नाही' एवढ्याला जागा पुरली नाही, म्हणून ते समासात उभं लिहिलं आहे.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या ऑस्टबी गावी, स्कॉगस्टाडांच्या तळघरात, १९८३ सालच्या सप्टेंबरात, एका रविवारी चर्च सुटल्यावर झाला. जन्मदाता व्हर्लिन स्कॉगस्टाड, वय वर्षं सतरा. कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा एक खेळ तेव्हा गावात नवा आला होता. एकाने जग रचायचं, बाकीच्यांनी वीर होऊन त्यात हिंडायचं, आणि घाव बसला की हुकला ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. जग रचणारा व्हर्लिन. तो पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसे. पडद्यामागे इतर कोणी डोकवायचं नाही, हा नियम तळघरात सोवळ्यासारखा पाळला जाई.

त्या दिवशी व्हर्लिनला एका देवाची तातडीने गरज पडली आणि त्याची कार्डं संपली होती. रविवारी दुकान बंद. तो वर गेला आणि एक कार्ड घेऊन आला. त्यावर मी अवतरलो. माझ्या पाठीला लोण्याचा आणि दालचिनीचा वास येई. मला तो नैवेद्याचा वाटे. आपली पाठ जशी माणसाला दिसत नाही, तशी देवालाही दिसत नाही.

सगळ्यात शेवटी व्हर्लिनने एक ओळ लिहिली, आणि तिथे माझा घात झाला. 'हिट पॉइंट : ४००.'

हिट पॉइंट म्हणजे किती मार खाऊन तुम्ही मरता, तो आकडा. उंदराला एक असतो, घोड्याला पंधरा. देवाला तो द्यायचाच नसतो. देवापुढे 'अमर' लिहावं, नाहीतर ती जागा कोरी सोडावी. ज्याचा आकडा लिहिला त्याला खेळणारे मारतातच. आज नाही तर दहा वर्षांनी, पण मारतात. व्हर्लिनने आकडा लिहिला, शाईने लिहिला आणि वर मोठ्या अभिमानाने वाचूनही दाखवला.

"चारशे?" ड्वेन प्रोख्नोने मान वर केली. हा ड्वेन खेळात कुऱ्हाडवाला बुटका योद्धा होता आणि पुढे आयुष्यभर दुधाचा टँकर चालवत राहिला. "म्हणजे मारता येतो हा?"

"अरे, देव आहे तो!"

"चारशेचा देव," मार्लिस ड्वोराक म्हणाली आणि तिने ते वहीत टिपून ठेवलं. मार्लिस शेजारच्या घरातली. तिने वहीत टिपलेलं काही हरवत नसे.

आणखी एक नियम सांगायला हवा. या तळघरात जो मरेल त्याचा कागद, ज्याच्या हातून मेला त्याच्या हवाली करायचा, आणि त्याने तो सगळ्यांदेखत फाडायचा. मित्रांनो, म्हणजे माझं मरण हे खोटं मरण नव्हतं. माझी दुसरी प्रत नाही.

सुरुवातीची वर्षं वैभवाची होती. मी चौदा राज्यं जाळली. व्हर्लिन माझी गर्जना करी तेव्हा फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या वाजत आणि वरून त्याची आई ऑर्फा विचारी, "व्हर्लिन, सगळे पाय पुसून आलेत ना?" एकदा चर्चचे पास्टर चौकशीला आले. या खेळातून सैतानाची पूजा चालते, असं त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं.

"या देवाला तुम्ही भजता का?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"नाही पास्टर, याला मारायचंय."

"मग ठीक," असं म्हणून ते एक बिस्कीट घेऊन गेले.

मी युद्धाचा देव, पण खरं युद्ध वरच्या मजल्यावर पेटलं होतं. माझ्या जन्माच्याच आठवड्यात ऑर्फाच्या पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यातून एक कृती नाहीशी झाली. रुबार्बच्या वड्या. रुबार्ब म्हणजे लाल देठांची एक आंबट भाजी. ऑस्टबीत तिच्या वड्यांशिवाय ना लग्न लागत, ना मयत होत. पुढच्याच रविवारी मार्लिसची आई लव्हॉन चर्चनंतरच्या कॉफीला तशाच वड्या घेऊन आली. ऑर्फाने एक खाल्ली. बशी खाली ठेवली. आमच्याकडे युद्ध असंच सुरू होतं. चर्चमध्ये ती डावीकडच्या बाकावर लव्हॉनशेजारी बसायची, ती उठून उजवीकडे गेली. लव्हॉनचं भांडं तिने घासूनपुसून, पण रिकामं परत पाठवलं. रिकामं भांडं परत जाणं म्हणजे काय, हे गावाला सांगावं लागलं नाही. महिन्याभरात गाव म्हणू लागलं की लव्हॉन ड्वोराकने कृती चोरली.

"मी तिच्या डब्याला हातही लावला नाही," लव्हॉन म्हणे. पण हे ती फक्त घरी म्हणे.

त्या वर्षी मार्लिसची जादूगार मेली आणि तिला नवं पात्र घ्यायचं होतं. ती म्हणाली, "चोर होते. नाहीतरी गावात आमच्या घराण्याचं नाव झालंच आहे." ड्वेन हसला. व्हर्लिन पडद्यामागे वाकून बराच वेळ पेन्सिल शोधत राहिला. पेन्सिल त्याच्या कानावर होती.

पुढची छत्तीस वर्षं मी मरणाच्या दारात उभा होतो, आणि दर वेळी व्हर्लिनने मला मागे ओढून घेतलं. अठ्ठ्याऐंशी साली हे लोक माझ्या देवळाच्या पायरीपर्यंत आले. व्हर्लिनने ज्वालामुखी फोडला. एक्याण्णव साली त्यांनी माझा आत्मा ठेवलेलं लोखंडी अंडं शोधून फोडलं, तेव्हा व्हर्लिन पांढराफटक पडला आणि त्याने आठ महिने खेळच ठेवला नाही. सत्त्याण्णव साली ड्वेनची कुऱ्हाड माझ्यापासून हातभर अंतरावर होती. व्हर्लिनच्या पोटात दुखू लागलं. दोन हजार सहा साली त्याने माझ्यासाठी चंद्र पाडला.

मला वाटे, ही भक्ती. एवढी भक्ती कोणत्या देवाच्या वाट्याला आली असेल?

मग दुर्लक्षाची वर्षं आली. ड्वेनचे गुडघे गेले. व्हर्लिन दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला लागला आणि तिथेच टक्कल पडून मोठा झाला. खेळ वर्षातून दोनदा. माझ्यावर कॉफीच्या कपाचे तीन गोल उमटले. त्यातला एक तर माझ्या नावावरच.

२०१९ च्या मार्चमध्ये लव्हॉन वारली. ऑर्फा अंत्यविधीला गेली, उजवीकडे बसली आणि चर्चच्या तळघरातल्या कॉफीला न थांबता घरी आली. मे महिन्यात मार्लिसने घर विकलं. ती लेकीकडे ॲरिझोनात जाणार होती, कायमची. शेवटच्या रविवारी ती तळघरात आली आणि खुर्ची ओढत म्हणाली, "आज याला मारल्याशिवाय उठत नाही."

"आज? आज नको, अगं. तयारी नाही झाली माझी."

"छत्तीस वर्षं झाली, व्हर्लिन. लग्नाची तयारी इतकी करत नाही कोणी."

लढाई सुरू झाली. मी गर्जना केली, पण व्हर्लिनचा आवाज बसला होता. बरण्या वाजल्या नाहीत. ड्वेनच्या कुऱ्हाडीने चारशेचे तीनशे दहा झाले. व्हर्लिनने पडद्यामागे फासा टाकला. "माझा... म्हणजे त्याचा घाव बसला. ड्वेन, तू मेलास."

"फासा बाहेर टाक," मार्लिस म्हणाली.

"बाहेर मी कधीच टाकत नाही."

"म्हणूनच जगलाय तो. टाक बाहेर."

त्याने बाहेर टाकला. दोन पडले. मित्रांनो, उघड्यावरच्या फाशांनी मला त्या दुपारी एकदाही साथ दिली नाही. तीनशे दहाचे एकशे ऐंशी झाले. एकशे ऐंशीचे चौसष्ट. व्हर्लिनच्या कपाळावरचा घाम टपकून माझ्या मुकुटावर पडला.

"थांबा थांबा," तो म्हणाला. "त्याचा आत्मा लोखंडी अंड्यात आहे. असा मरायचा नाही तो."

"अंडं फोडलं आपण. एक्याण्णव साली," ड्वेन म्हणाला. "मी ऑम्लेटचा विनोद केला होता, आठव."

"दुसरं अंडं आहे."

"देव आहे का कोंबडी?"

"त्याचे घाव... ते नऊशे आहेत. वाढवले होते मी. मध्यंतरी."

मार्लिसने वही उघडली, त्र्याऐंशी सालचं पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. चारशे.

चौसष्टचे सात. तेव्हा मी प्रार्थना केली. देवाने कोणाची प्रार्थना करायची? मी माझ्या ऑर्कांची केली. लक्षावधी होते ते, माझ्यासाठी कधीही मरायला तयार. पण ते सगळे व्हर्लिनच्या दुसऱ्या वहीत होते, आणि ती वही गाडीत राहिली होती.

मार्लिसची चोर माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. तिने फासा टाकला. तो टेबलभर गडगडला, कॉफीच्या कपाला आपटला आणि थांबला. वीस.

"मेला," ड्वेन हळूच म्हणाला. अशा वेळी तो ओरडत असे. या वेळी ओरडला नाही.

मार्लिसने हात पुढे केला. "दे."

व्हर्लिनने मला तळव्याखाली दाबून धरलं होतं. "राहू दे ना. आठवण म्हणून ठेवतो."

"नियम तुझाच आहे."

"दुसऱ्या कार्डावर उतरवून देतो. स्वच्छ अक्षरात. ते फाड."

"व्हर्लिन, हात काढ."

त्याने काढला नाही. घामाने माझ्या चारशेतलं एक शून्य पसरलं. तिने त्याची बोटं एकेक करून उचलली आणि मला ओढून घेतलं. दोन्ही अंगठे माझ्या बरोबर मध्यावर आले. कागदाला फाटण्याआधी एक ताण बसतो. तो मला बसला. मी लाखो शिरं उडवली आहेत, पण त्या क्षणी काय वाटतं ते मला ठाऊक नव्हतं.

मग ताण सैल झाला. मार्लिसने मला उलटं केलं.

"रुबार्बच्या वड्या," तिने वाचलं. "चार कप चिरलेला रुबार्ब. दोन कप ओट्स. एक कप लोणी." ती थांबली. "हे तुझ्या आईचं अक्षर आहे."

व्हर्लिन पुठ्ठ्याचा पडदा मिटू लागला.

"माहीत होतं तुला," मार्लिस म्हणाली.

"मी सतरा वर्षांचा होतो गं."

"आता त्रेपन्नाचा आहेस."

"आधी आईची भीती वाटली. मग उशीर झाला. मग इतका उशीर झाला की..."

"ती एकटी डावीकडे बसायची, व्हर्लिन. तिथे खिडकीतून ऊन येतं थेट डोळ्यांवर. तरी उठायची नाही. उठलं तर लोक म्हणतील, लाज वाटली. छत्तीस वर्षं डोळे बारीक करून बसली माझी आई."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. तो ज्वालामुखी, ते अंडं, तो चंद्र, यातली एकही गोष्ट भक्ती नव्हती. मला मारणाऱ्याच्या हाती माझी पाठ लागली असती, एवढंच. व्हर्लिन मला कधीच घाबरला नव्हता. तो वर बटाटे सोलत बसलेल्या बाईला घाबरत होता.

मार्लिस मला घेऊन जिना चढली आणि तिने मला ऑर्फासमोर ठेवलं. ऑर्फा चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने हात पुसून चष्मा लावला. वर माझी बाजू होती.

"हा कोण?"

"झुर्गाक. युद्धाचा देव. आत्ताच मेला."

"अरेरे," ऑर्फा रीत म्हणून म्हणाली आणि तिने मला उलटलं.

ती पुष्कळ वेळ वाचत राहिली. एवढं लिहिलेलंच नाही तिथे. मग तिने जिन्याकडे पाहिलं. तिथे व्हर्लिन उभा होता, त्रेपन्न वर्षांचा, तळघराच्या दाराला धरून. ऑर्फाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी ती मार्लिसला म्हणाली, "कॉफी टाकते. बस ना."

"नको, मिसेस स्कॉगस्टाड," मार्लिस म्हणाली. "थांबत नाही मी."

तिने मला फाडलं नाही. टेबलावरच ठेवून गेली. मंगळवारी ॲरिझोनाला गेली.

आता मी ऑर्फाच्या पत्र्याच्या डब्यात असतो, सफरचंदाच्या केकच्या आणि लिंबाच्या जेलीच्या मध्ये. मला कोणी भजत नाही आणि कोणी मारायलाही येत नाही; मेलेल्याला पुन्हा मारायची सोय त्या खेळात नाही. मित्रांनो, तुम्हाला एवढीच विनवणी आहे. देव रचलात तर त्याला आकडा देऊ नका. कोरा दिसणारा कागद उचलण्याआधी एकदा उलटून बघा. आणि उचललात तर त्याच दिवशी जिना चढून वर जा आणि सांगा. तेव्हा वर ऑर्फा आणि लव्हॉन दोघीही होत्या.

डब्याचं झाकण नीट बसत नाही, त्यामुळे फटीतून मला फडताळ दिसतं. समोर ओट्सचं खोकं आहे, गावात सगळ्यांकडे असतं तेच. पूर्वी तसंच एक लव्हॉनकडेही असायचं. रुबार्बच्या वड्यांची तीच कृती त्याच्या मागच्या बाजूला छापलेली आहे.