मफलरवाल्यांचे शेवटचे वाक्य

"तू बोलणार? शोकसभेत? मफलरवाल्यांवर?" खमीरवाल्याने चहाचा पेला दाणकन टेबलावर ठेवला. "अरे, रात्री साडेअकराला तुझं तोंड भट्टीत असायचं. माझ्या डोळ्यांसमोर! तू त्यांचा कार्यक्रम बघितलास कधी?"

"बघितला एकही नाही," मी म्हणालो, "आणि चुकवलाही एकही नाही."

कॅन्टीनमधील सर्व मंडळी हसली. हसण्यासारखेच ते होते. परंतु मी अक्षरशः खरे बोललो होतो.

येथे खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मी पावाच्या कारखान्यात एकतीस वर्षे भट्टीवर रात्रपाळी केली; खमीर घालून पीठ फुगवणारा खमीरवाला शेजारीच असे. शिक्षण सातवीपर्यंत, पुढील विद्या भट्टीसमोर उभे राहून मिळाली. ज्या थोर व्यक्तीस सारे लोक प्रेमाने ‘मफलरवाले’ म्हणत, ते सोमवार ते शुक्रवार रात्री साडेअकरा वाजता दूरचित्रवाणीवर पाहुण्यांशी गप्पा मारीत. ऐन उन्हाळ्यातही गळ्यात मफलर असे. समोर मंत्री बसलेला असो की दोरीवर चालणारा कसरतपटू, पहिला प्रश्न एकच : "जेवलात का?" बावीस वर्षे हा क्रम अखंड चालला. मी निवृत्त होण्याच्या वर्षभर आधी त्यांनी कार्यक्रम थांबवला, आणि गेल्या सोमवारी ते निवर्तले.

माझी पत्नी तो कार्यक्रम रोज पाही. सकाळी साडेसहाला मी पिठाने माखलेला घरी येई, स्वयंपाकघरातील माझ्या स्टुलावर बसे, आणि ती शेगडीजवळच्या आपल्या स्टुलावरून सारा कार्यक्रम मला पुन्हा करून दाखवी. त्यासाठी ओढणी गळ्याभोवती गुंडाळी. आवाज जाड करी.

"अहो, ऐका. काल एक जादूगार आला होता, हे एवढं पोट! मफलरवाले म्हणाले, जेवलात का? तो म्हणतो, नाही हो. तर म्हणाले, मग हे पोट कुठून काढलंत? टोपीतून?"

मी हसे. अंगातील सारी उष्णता त्या हसण्यावाटे निघून जाई. आणि चहा संपत आला की ती गंभीर होऊन म्हणे, "आणि शेवटी रात्रपाळीवाल्यांसाठी म्हणाले..."

हे रोजचे शेवटचे वाक्य म्हणजे माझी खरी कमाई. एके दिवशी ते म्हणाले होते, ‘ज्यांची रात्र उभ्याने गेली त्यांनी आधी पाय शेकावेत, मग जगाची काळजी करावी.’ आश्चर्य असे की त्याच सकाळी मोरीत गरम पाण्याची बादली तयार होती. एवढ्या मोठ्या माणसास माझ्या पायांची खबर कशी लागते, असा प्रश्न मला बावीस वर्षांत एकदाही पडला नाही.

त्यांतील एक वाक्य मात्र माझ्या आयुष्याचा आधार ठरले. एका रात्री माझ्या हातून भट्टीचे झाकण अवेळी उघडले गेले. वाफेचा लोट बाहेर आला आणि शेजारी उभ्या असलेल्या खमीरवाल्याचा हात कोपरापर्यंत भाजला. त्याला दवाखान्यात पोहोचवून मी सकाळी घरी आलो तो नोकरी सोडण्याचा निश्चय करूनच. पत्नीने काही विचारले नाही. चहा पुढे ठेवला. त्या दिवशी विनोद सांगितला नाही. केवळ शेवटचे वाक्य सांगितले : ‘ज्याच्या हातून चूक झाली त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर व्हावं. पश्चात्ताप घरात ठेवला की शिळा होतो.’

मी तसाच उठलो आणि दवाखान्यात गेलो. खमीरवाल्याच्या खाटेजवळ उभा राहून तेच वाक्य त्याला सांगितले. तो म्हणाला, "शिळा होतो? मग ताजा आहे तोवर एक संत्रं सोलून दे. मला एका हातानं जमत नाही." आमची मैत्री त्या संत्र्यापासूनची आहे.

पत्नीला जाऊन आता चार वर्षे झाली.

कामगारांनी रविवारी चार वाजता कॅन्टीनमध्येच शोकसभा ठेवली होती. आमच्या कामगार संघटनेच्या चिटणीसबाई शिस्तीच्या. त्यांनी बजावले, "प्रत्येकाला दोन मिनिटं. आणि त्यांचं वाक्य सांगायचं असेल तर शब्दन् शब्द तपासून सांगा. वर्तमानपत्रवाला येणार आहे. नाहीतर आपलंच हसं व्हायचं."

मला ते पटले. माझ्या मनी एवढीच इच्छा होती की ज्या वाक्याने मला उभे केले ते चार लोकांसमोर त्यांच्या नावे उच्चारावे आणि ऋणातून अंशतः मुक्त व्हावे. त्या आठवड्यात जुने भाग पुन्हा दाखवीत होते. मी वही, पेन्सिल घेऊन रात्री साडेअकराला दूरचित्रवाणीसमोर बसलो.

पहिला धक्का आवाजाचा बसला. त्यांचा आवाज बारीक होता, सर्दी झाल्यासारखा. मी इतकी वर्षे जो जाड आवाज मनात बाळगला होता तो कोणाचा, असा विचार क्षणभर मनात आला. परंतु विनोद तेच होते. ‘जेवलात का’ तेच होते. त्यांनी एका बुजलेल्या पोस्टमनची खुर्ची स्वतः ओढून आपल्याजवळ घेतली, तेव्हा मला भडभडून आले. असा माणूस गेला!

मग कार्यक्रम संपला. त्यांनी मफलर सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला, म्हणाले, "झोपा आता, पुष्कळ झालं," आणि दिवा मालवला. मी पेन्सिल उचलून वाट पाहिली. पुढे जाहिरात लागली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी मी दूरचित्रवाणीच्या इतक्या जवळ सरकलो की काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली. "झोपा आता, पुष्कळ झालं." शुक्रवारीही वही कोरीच राहिली.

शनिवारी मुलगी आली. ती परिचारिका आहे. पाळी संपवून थेट माझ्याकडे आली होती. मी तिला म्हणालो, "पोरी, हे लोक शेवटचा भाग कापून दाखवतायत. तू तुझ्या मोबाइलवर शोध. रात्रपाळीवाल्यांसाठी ते एक वाक्य म्हणायचे."

तिने मोबाइल काढला नाही. भांडी पुसायला घेतली. एकच ताटली तिने तीनदा पुसली.

"बाबा," ती म्हणाली, "ते असं काही म्हणायचे नाहीत."

"तू झोपलेली असायचीस."

"रात्री झोपलेली असायचे. पहाटे नाही. आई साडेपाचला उठून त्या स्टुलावर बसायची आणि एकटीच पुटपुटायची. हे नको, ते नको, असं करत. एकदा मी विचारलं, काय गं करतेस? तर म्हणाली, तुझ्या बाबांसाठी वाक्य शिजवतेय, बोलू नकोस, करपेल."

मी कोरी वही मिटून ठेवली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तिनं सांगू दिलं नाही. म्हणायची, बायकोनं सांगितलं तर माणूस हो हो म्हणतो आणि झोपतो. टीव्हीवरच्या माणसानं सांगितलं तर ऐकतो." मुलगी हसायला गेली; परंतु तिचा चेहरा हसला नाही. "ती गेल्यावर सांगणार होते. पण तुम्ही सगळ्यांना त्यांची वाक्यं सांगत फिरायचात, बाबा. कुठल्या तोंडानं सांगू?"

त्या रात्री मी कार्यक्रम लावला नाही. कोणासाठी रडावे हे मला समजेना. सोमवारपासून मी एका परक्या माणसाकरिता अश्रू ढाळीत होतो, आणि आता त्याच अश्रूंत माझी स्वतःची बायको दुसऱ्यांदा मरण पावत होती. तिला एकदाही ‘छान बोललीस’ असे म्हटल्याचे मला आठवेना. प्रत्येक सकाळी मी मान डोलावून म्हणत असे, "काय माणूस आहे!"

रविवारी माझे नाव पुकारले गेले. मी जादूगाराची गोष्ट सांगितली, लोक हसले. पोस्टमनची खुर्ची सांगितली. चिटणीसबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी कागदाची घडी घालू लागलो, इतक्यात मागून खमीरवाला ओरडला, "अरे, ते वाक्य सांग की! शिळं होतं ते! दवाखान्यात मला सांगितलं होतंस बघ!" आणि त्याने बाही वर सारून हातावरचा व्रण शेजारच्यांना दाखवला.

वर्तमानपत्रवाल्याने पेन सरसावले. सारे माझ्याकडे पाहू लागले. वाक्य माझ्या ओठांवर होते. त्यांच्या नावे सांगितले असते तर टाळ्या पडल्या असत्या आणि कोणाचेच नुकसान झाले नसते.

"ते त्यांचं नाही," मी म्हणालो. "ते आमच्या घरातलं आहे."

"म्हणजे कुणाचं?" वर्तमानपत्रवाल्याने विचारले.

"ते लिहू नका," मी म्हणालो आणि जागेवर जाऊन बसलो.

खमीरवाला जागेवर तसाच उभा होता. काही वेळाने त्याने बाही हळूच खाली ओढली आणि मनगटाचे बटण लावले. तो माझ्या शेजारी येऊन बसला.

सोमवारी सहा वाजता मी चहा केला. सवयीने दोन कप काढले. आणि मग, का कोण जाणे, माझ्या स्टुलाऐवजी तिच्या स्टुलावर बसलो. चार वर्षांत त्यावर कोणी बसले नव्हते.

तेथून खिडकी बरोबर समोर येते. खिडकीतून आमची सारी गल्ली दिसते, थेट कारखान्याच्या वळणापर्यंत. माझ्या स्टुलावरून केवळ भिंत दिसते, म्हणून मला हे कधी ठाऊक नव्हते. वळणापासून दारापर्यंत चालत यावयास मला चार मिनिटे लागत असत. म्हणजे रोज चार मिनिटे ती मला येताना पाहत होती. पाय कसे पडतात, मान किती खाली आहे, हे पाहत होती. आणि मी दारात पोहोचेपर्यंत साऱ्या वाक्यांतले एक निवडून ठेवीत होती.

सव्वासहाला रात्रपाळी सुटली. वळणावरून माणसे येऊ लागली. त्यांच्यात एक मनुष्य सर्वांच्या मागे होता. त्याच्या केसांवर पीठ होते आणि तो चपला फरफटत चालला होता. रात्री त्याच्या हातून काहीतरी बिघडले असावे.

त्याच्यासाठी एखादे वाक्य शोधण्याचा मी प्रयत्न केला. तो खिडकीखालून गेला, पुढच्या कोपऱ्यावर वळला आणि दिसेनासा झाला. समोर माझे रिकामे स्टूल होते, त्यापुढे चहाचा कप होता. वाक्य काही सुचले नाही.