दुसऱ्याच्या तोंडात

मी कवळी बोलतेय. अजूनही माझी बोबडी वळलेली आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मला घडवलं ते मिनेसोटातल्या ऑर्विल ट्वेट यांच्या जबड्याच्या मापानं. त्यांच्यासोबत मी बटाट्याची लेफ्सा, म्हणजे पातळ नॉर्वेजियन पोळी चावली, चर्चमध्ये बेसूर भजनं गायली. पुढे ते वृद्धाश्रमात आले. शेजारच्या पलंगावर डेलमार हेगन. दोघांची चांगली गट्टी होती.

ऑर्विल अंथरुणाला खिळले, अन्नपाणी तुटलं. त्याच सुमारास एका संध्याकाळी सेविकेनं घाईघाईत दोघांच्या कवळ्या एकाच भांड्यात धुतल्या. आणि सकाळी मी कोंबली गेले डेलमारच्या तोंडात! परक्या हिरड्या, परकी जीभ! मला शिसारीच आली.

आठवड्यात ऑर्विल गेले.

इकडे मी डेलमारना टोचत होते. घास बाहेर यायचा, शब्द घरंगळायचे. ते मला काढून फेकायचे. सेविका पुन्हा बसवायची. "डेलमार, शहाण्यासारखं वागा बघू!" मग त्यांना मिक्सरमधून काढलेला लगदा सुरू झाला. डोकं गेलंय, असं ठरलं. त्यांना स्मृतिभ्रंशाच्या कुलूपबंद विभागात हलवायचं होतं आणि लेक मार्लिस सही करायला आली होती.

त्याआधी बोलणं-गिळणं तपासायला वाचातज्ज्ञ कॅरिन आली. तिनं मला अलगद बाहेर काढलं, उलटं केलं आणि आत कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं.

"ऑर्विल ट्वेट? अगं बाई, ते तर वारले!"

"मग बाबांची कवळी?" मार्लिसनं विचारलं.

सेविकेनं तोंडावर हात घेतला. "ती मीच दिली होती... ऑर्विलना शवपेटीत ठेवताना तोंडात बसवायला. चेहरा भरलेला दिसावा म्हणून."

मार्लिस म्हणाली, "चर्चमध्ये पेटीपाशी मी सगळ्यांना म्हणाले होते, ऑर्विलकाका अगदी बाबांसारखे हसतायत."

"मी काढून दाखवत होतो," डेलमार बोळक्या तोंडानं म्हणाले. सगळं स्पष्ट कळलं. "तू पण परत बसवलीस, मार्लिस."

ती ढसाढसा रडली. सही झाली नाही.

मी आता कागदी पेल्यात पडून आहे. माझं काय करायचं ते करा. पण कुणी म्हातारं माणूस पुन्हापुन्हा तोंडातून काही काढून फेकत असेल, तर त्याला दटावू नका हो. एकदा आत बघा.