माझ्या पोटातला लाल धागा

“एक बी धड माणूस नाही या पुस्तकात. सगळे मेले लबाड. कशाला वाचतेस गं असलं?”

कणीक मळता मळता कमळाबाई लेकीवर कुरकुरली आणि मला ढकलताना तिचं पिठाचं बोट माझ्या कोपऱ्याला लागलं. तो डाग अजून आहे.

मित्रांनो, लबाड म्हटलं ते माझ्या पोटातल्या मुलांना. मी तुमच्याहून थोड्या मोठ्या मुलांसाठी लिहिलेली एक कादंबरी. आता म्हातारी झाले आहे. माझं नाव मुखपृष्ठाबरोबरच गेलं, त्यामुळे ते विचारू नका. चौऱ्यांशी साली पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझे खिळे जुळवणारा माणूससुद्धा शेवटच्या पानाशी थांबून म्हणाला होता, “हे काय, असंच संपलं?”

हो, असंच. वसतिगृहातली चार मुलं वॉर्डनचं घड्याळ फोडतात आणि तुकडे दिनू नावाच्या मुलाच्या पेटीत ठेवतात. दिनूला काढून टाकतात. चौघांपैकी कुणीही तोंड उघडत नाही. हळूहळू दिनूलाच वाटायला लागतं, झोपेत मीच तर फोडलं नसेल ना? शेवटी तो एस.टी.त बसतो आणि चौघे हात हलवून त्याला निरोप देतात.

सिल्वासाच्या शाळेत मला वाचनालय सांभाळणाऱ्या प्रमिलाबाईंनी मागवलं. त्या राजापूरकडच्या. “मुलांना रोज पेढेच भरवायचे का?” म्हणाल्या. पण एका पालकाने तक्रार केली आणि माझी रवानगी बंद कपाटात झाली. फाटके नकाशे आणि मी, सहा वर्षं. कसरीने माझी कड खाल्ली. तिला मी कडू लागले नाही, एवढंच काय ते कौतुक.

मग नववीतली सोनम आली. उघड्या फळीवरचं सगळं तिचं वाचून झालं होतं. बाईंनी कपाटाची किल्ली फिरवली. “घे. पण रागावशील.”

“मी तशीही रागावतेच, बाई.”

अशी मी सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या चाळीत, सोनमच्या घरी आले. पिठाचं बोट लावणारी कमळाबाई ही तिची आई. वडील सुकदेव तिथल्या एका सुताच्या कारखान्यात होते. शेजारच्या खोलीतला नवनाथही त्याच खात्यात. दोघे धुळ्याकडच्या एकाच गावचे, एकाच ट्रकमधून इकडे आलेले.

त्यांच्या खात्यात एक रीत होती. रोलरमध्ये अडकलेलं सूत काढायला कुणी हात घातला, तर त्याने आधी बटणाला लाल धागा बांधायचा. धागा दिसला की बटण दाबायचं नाही. पण काम झाल्यावर तो सोडायला लोक विसरत. मग पुढच्या पाळीचा माणूस ‘कालचाच असेल’ म्हणून धागा तोडून टाकी आणि मशीन चालू करी. रोजचंच होतं ते. त्यात नवनाथची गाठ लांबून ओळखू येई. तिहेरी, वर एक फास. गावाकडे तो बैलाच्या दाव्याला मारायचा, तशीच.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये एका सकाळी सुकदेवनेही ‘कालचाच असेल’ म्हणून धागा तोडला, खिशात कोंबला आणि बटण दाबलं. मशीनमागे नवनाथ वाकलेला होता. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशीत साहेबाने विचारलं, “धागा होता?” सुकदेव म्हणाला, “नाही दिसला.” शेजारच्या मशीनवरच्या झिपरूने सगळं पाहिलं होतं. तो म्हणाला, “माझं ध्यान नव्हतं.” कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. नवनाथची नोकरी गेली.

त्या दिवशी घरी येऊन सुकदेवने कमळाबाईला खरं सांगितलं. मी फळीवर होते. ती म्हणाली, “बोलू नका. तुम्हाला बी काढतील. मंग या पोरीला घेऊन कुठं जाऊ मी?” दुसऱ्या दिवसापासून नवनाथच्या घरी रोज भाजीची वाटी जाऊ लागली. झिपरूने बायकोला सांगितलं, बायकोने नळावर. महिन्याभरात सगळ्या चाळीला ठाऊक झालं. फक्त नवनाथला नाही आणि पोरांना नाही.

आणि धागा? शर्ट धुताना तो सोनमला खिशात गाठीसकट सापडला. खूण म्हणून बरा आहे, म्हणून तिने तो माझ्या पानात घातला.

एकदा घरात कुणी नसताना सुकदेवने मला उघडलं. धागा पाहिला. मग परत त्याच पानात ठेवून त्याने मला मिटलं. त्याने तो का जाळला नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी उपदेश करायचा असतो. माझा शेवट माझ्या हाती नाही, म्हणून इथेच सांगते. पिठाच्या हातांनी पुस्तक धरू नका. पान दुमडू नका. आणि खुणेला काहीही घाला, पण ते कुठून आलं एवढं विचारा.

नवनाथला वाचनाचं वेड होतं. एका हाताने पुस्तक धरून पान उलटता येईना, म्हणून सोनम त्याला ओट्यावर बसून माझी पानं वाचून दाखवू लागली. इतक्या वर्षांत मला नावं न ठेवणारा तो एकटाच.

“लिहिणाऱ्याने खोटं नाही लिहेल,” तो धुळ्याकडच्या बोलीत म्हणायचा; तिकडे ‘लिहिलेलं’चं ‘लिहेल’ होतं. “दिनूला वाटतं ना, तसं होतं पोरी. मला वाटतं, मी धागा बांधेल होता. मंग वाटतं, नसेल बांधेल. सगळे खोटं थोडी बोलतील?”

आत कमळाबाईच्या हातातली पळी थांबायची.

सुट्टीच्या दिवशी सकाळी माझं शेवटचं प्रकरण आलं. ओट्यावर कमळाबाई तांदूळ निवडत होती, सुकदेव सायकलची चेन बसवत होता, झिपरू दाढी करत होता. सोनम पाणी प्यायला उठली. “काका, धरा जरा.”

मी नवनाथच्या मांडीवर उघडीच होते. त्याने डाव्या हाताने धागा उचलला. अंगठा गाठीवर फिरला. एकदा. पुन्हा एकदा.

“येतो मी, आंघोळ राहिली,” झिपरू म्हणाला आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आत गेला.

नवनाथने कुणाकडे पाहिलं नाही. धागा जागेवर ठेवला. सोनम आली.

“वाच, पोरी.”

तिने वाचलं. दिनू एस.टी.त चढला. चौघांनी हात हलवले. माझं पान संपलं.

“एक तरी बोलेल वाटलं होतं,” नवनाथ हळू म्हणाला.

कमळाबाईने सुपातले तांदूळ जोरात हलवले. “झालं का एकदाचं? मी म्हणत नव्हते, एक बी धड माणूस—” आणि ती मध्येच थांबली. सुपातला हात सुपातच राहिला.

सुकदेवने तेलकट हात शर्टाला पुसले.

“तू धागा बांधेल होता, नवनाथ. मी तोडला.”