स्क्रीनवरची चिकटपट्टी

औषधांच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला लोक डॉक्टर तरी म्हणतात, नाहीतर शेठ. ह्याला सगळे लेन्सराव म्हणायचे. दोष लोकांचा नव्हता. खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसाला हा बाटली देता देता कॅमेऱ्यातले दोन धडे शिकवायचा, आणि तो माणूस खोकत खोकत ऐकून घ्यायचा.

लेन्सरावाच्या कपाटात तीन बॅगा होत्या, कॅमेरा ठेवायची दोन तिकाटणी होती आणि काच पुसायची फडकी तर इतकी, की तेवढी बायकोकडे भांडी पुसायला नव्हती. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते ठीक. पण ह्या सगळ्या सरंजामातून जे निघायचं, ते बघून धाकटी बहीण एकदा सरळ बोलली. ती बॅडमिंटन खेळायची, जिल्ह्याच्या संघातून. सहा वर्षं तिचा प्रत्येक सामना लेन्सरावाने टिपला होता.

"दादा, ह्यात मी घाम पुसतेय. ह्यात शटल उचलतेय. ह्यात पाणी पितेय," लॅपटॉपवर एकेक फोटो सरकवत ती म्हणाली. "मी खेळते कधी?"

"हॉलमध्ये उजेड कमी असतो गं. माझी लेन्स तिथे कमी पडते."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको आतून म्हणाली.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण धाकटीचा उजवा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरत होता, आणि डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं होतं, उड्या बंद. रविवारी अंतिम सामना होता, तो झाला की रॅकेट खुंटीला. ज्या उडीवर तिने एवढी बक्षिसं आणली, हवेत जाऊन मारलेला तो सणसणीत स्मॅश, त्याचा एकही फोटो जगात नव्हता. सख्खा भाऊ सहा वर्षं कॅमेरा घेऊन समोर बसलेला असून नव्हता! लेन्सरावाला हे इतकं लागलं, की त्या दिवशी दुकानात त्याने एकालाही कॅमेऱ्याबद्दल काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी तो मेकॅनिक मावशींकडे गेला. मावशी कॅमेरे दुरुस्त करायच्या आणि लेन्स भाड्याने द्यायच्या. जिन्याखालची खोली, टेबलावर बशांमध्ये वेगवेगळे स्क्रू, आणि मावशींच्या कपाळावर सरकवलेलं भिंग. तिथे पाऊल टाकलं की लेन्सरावाचा जीव हरखून जायचा.

"मावशी, ती तोफ द्या उद्यापुरती," त्याने वरच्या फळीवरच्या हातभर लांब लेन्सकडे बोट दाखवलं.

"आधी कॅमेरा दे इकडे."

त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि कॅमेरा उलटसुलट फिरवला. मग फस्सकन हसल्या.

"किती वर्षं झाली ह्याला?"

"सहा."

"शटरचं बटण बघ, नवंकोरं. आणि मागचं, काढलेला फोटो बघायचं बटण? झिजून सपाट झालंय. त्यावरची खूणसुद्धा दिसत नाही. स्क्रीनवर तुझ्या अंगठ्याने चट्टा पाडलाय." त्यांनी भिंग वर सरकवलं. "तू फोटो काढत नाहीस रे. काढलेले बघत बसतोस. एक काढला की मान खाली. तेवढ्यात तिची उडी होऊन जाते, आणि तू मान वर करतोस तेव्हा ती घाम पुसत असते."

लेन्सरावाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. सहा वर्षांचे घाम पुसतानाचे फोटो त्याच्या डोळ्यांपुढून सरकले. वरातीमागून घोडं, तेही प्रत्येक वेळी!

"तोफ नेलीस तर दहा मिनिटांत हात भरून येतील, आणि मान खाली घालायला आणखी एक निमित्त," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी खणातून मुठीत मावेल एवढी बुटकी लेन्स काढली. "ही घे. जवळ-लांब होत नाही, पण हिचं भोक मोठं आहे, अंधाऱ्या हॉलमध्येही भरपूर उजेड आत घेते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेव. फ्लॅश लावू देत नाहीत, तो घरीच राहू दे. जाळीच्या पलीकडे, ती समोर दिसेल असा कोपऱ्यात बस. आणि तिच्या बुटांकडे कान दे. उडणाऱ्याचा बूट आधी करकरतो."

"आणि शटल रॅकेटला लागलेलं दिसलं की दाबायचं."

"चुकलास! तुझा कॅमेरा आरशाचा. बटण दाबलं की आरसा वर जातो, क्षणभर अंधार. शटल लागताना तुला दिसलं, तर समज फोटो हुकला. जो मिळाला, तो तुला दिसणारच नाही."

हे वाक्य लेन्सरावाने मनात दोनदा घोकलं. सहा वर्षांत एवढं मोलाचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि ह्या अंगठ्याचं काय करू?"

"पट्टी लाव स्क्रीनवर आणि त्या बटणावर. जखमेच्या कापसावर लावतोस ना, तीच पांढरी. तुझ्याच दुकानात मिळेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते असं. लेन्सराव अक्षरशः पळत दुकानात आला. आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून त्याने आधी कॅमेऱ्याला पट्टी बांधली, एकावर एक तीन पट्ट्या. गिऱ्हाईक म्हणालं, "लागलं का हो त्याला?" लेन्सरावाने गंभीरपणे मान हलवली.

रविवारी सकाळी हॉल माणसांनी भरला होता. लेन्सराव कोपऱ्यात जमिनीवर मांडी घालून बसला. धाकटीने जाळीपलीकडून एकदा त्याच्याकडे पाहिलं, कॅमेऱ्यामागचं पांढरं ठिगळ बघून भुवया उंचावल्या, आणि सामना सुरू झाला.

पहिला गेम धाकटीने घालवला. त्या वेळात लेन्सरावाचा अंगठा तीस-चाळीस वेळा तरी मागे गेला, आणि प्रत्येक वेळी पट्टीवर आपटून ओशाळून परत आला. आता काय आलं असेल? हललं असेल का? सगळं काळं तर नाही? पण बघायला काही नव्हतंच, म्हणून शेवटी तो समोर बघायला लागला.

आणि मग त्याला मजा यायला लागली! सख्ख्या बहिणीचा खेळ तो जणू पहिल्यांदा बघत होता. ती सर्व्हिसच्या आधी रॅकेटच्या तारा बोटाने सारखी करते, हे त्याला माहीत नव्हतं. समोरची मुलगी थकली की हिचे खांदे सैल पडतात, हेही नव्हतं. दुसऱ्या गेममध्ये एका शटलसाठी तिने लाकडी जमिनीवर सूर मारला, कोपर सोलून निघालं, आणि गुण मिळाला. लेन्सराव कॅमेरा सोडून ओरडला, "वा गं पठ्ठे!" पंचांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. तो गेम तिने घेतला. खेळाडूंनी बाजू बदलल्या, की लेन्सरावही उठून समोरचा कोपरा गाठत होता.

तिसऱ्यात त्याच्या ध्यानात आलं, की ती उडतच नाहीये. उंच आलेली शटलंसुद्धा पाय जमिनीवर ठेवून परत करतेय. गुडघा राखून ठेवलाय. एक उडी शिल्लक आहे, आणि ती केव्हा खर्च करायची हे तिने ठरवून ठेवलंय. त्यानेही बटणावरचं बोट आवरलं. तिच्याकडे एक उडी, तर आपल्याकडे एक फोटो.

वीस-एकोणीस. धाकटी पुढे, आणखी एक गुण की सामना तिचा. हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नव्हतं. शटल चार वेळा इकडून तिकडे गेलं, पाचव्यांदा समोरच्या मुलीने ते उंच उडवलं. धाकटीने खालचा ओठ दातात धरला. लहानपणी कुंपणावरून उडी मारायच्या आधी ती असाच ओठ धरायची, आणि खाली हात पसरून लेन्सराव उभा असायचा. बूट करकरला.

त्याने बटण दाबलं. अंधार.

पुढचं दिसलं ते एवढंच, की शटल त्याच्यापासून हातभर अंतरावर, रेषेच्या आत पडलेलं आहे. रेषेवरच्या पंचाने हात खाली दाखवला. आत! हॉल कोसळावा तसा आवाज झाला, आणि लेन्सराव कॅमेरा पोटाशी धरून जागच्या जागी नाचला.

बक्षीस वगैरे झाल्यावर धाकटी लंगडत त्याच्याशेजारी येऊन बाकावर बसली. कोपरातून रक्त येत होतं. लेन्सरावाने औषध लावलं, स्वच्छ कापूस ठेवला आणि पट्टीसाठी बॅग उपसली. रोल दुकानातच राहिला होता.

"ती काय, कॅमेऱ्याला आहे की," धाकटी म्हणाली. "काढ."

"वापरलेली आहे. मी मेडिकलवाला आहे, लोक काय म्हणतील?"

"कापूस स्वच्छ आहे ना? मग वरून काहीही लाव. काढ रे दादा."

त्याने पट्टी सोलली आणि तिच्या कोपरावर चिकटवायला घेतली. तोवर तिने दुसऱ्या हाताने कॅमेरा ओढून घेतला आणि ते झिजलेलं बटण दाबलं. लेन्सरावाने डोळे मिटून घेतले. मग भीत भीत एकेक उघडला.

दोन्ही पाय हवेत होते. पाठ मागे वाकलेली, ओठ दातात, आणि शटल रॅकेटच्या तारांना नुकतं टेकलेलं. खाली जमीन पार लांब राहिली होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मी एवढी उंच उडत होते?"

"हो गं," लेन्सराव म्हणाला. "मलाही आजच कळलं."

अर्धी चिकटलेली पट्टी तिच्या कोपराला लोंबत होती. ती पुरी लावायची दोघांनाही आठवण राहिली नाही.